कथासंग्रह आणि कादंबऱ्या सुचवायच्या कशा

पुस्तक चांगलं आहे, एवढ्यावर ते कुणाला सुचवता येत नाही. समोरच्या माणसाला ते आत्ता, त्याच्याकडे असलेल्या वेळात, त्याच्या वाचनाच्या सवयीत बसेल का, हे आधी बघावं लागतं. बऱ्याच शिफारशी तिथेच वाया जातात. म्हणून कुणी ‘काहीतरी चांगलं सुचव’ म्हटलं की पुस्तकाचं नाव घेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं? अर्ध्यावर कोणतं सोडलं, आणि साधारण कुठे? एका बैठकीत वाचायला किती वेळ मिळतो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत कामाचं. पहिल्या वीस-तीस पानांतच पुस्तक सुटलं असेल, तर बहुतेक वेळा भाषा किंवा निवेदकाचा सूर जमलेला नसतो. शंभरेक पानांनंतर सुटलं असेल, तर पात्रांची गर्दी झालेली असते किंवा वाचनात खंड पडलेला असतो, आणि मागचं आठवेनासं झाल्यावर माणूस पुस्तक मिटून ठेवतो. शेवटाजवळ सुटलं असेल, तर विषय झेपला नसावा. अशा वाचकाला त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक द्यायला हरकत नाही. पहिल्या गटातल्याला मात्र ते देऊ नये. ‘तुम्हाला कोणत्या प्रकारची पुस्तकं आवडतात?’ हा प्रश्न टाळलेलाच बरा. उत्तरात ‘सामाजिक’, ‘वास्तववादी’ असे शिक्के मिळतात आणि त्यातून माणसाचा अंदाज काही येत नाही.

आता जुळणी. इथे सर्रास होणारी गफलत म्हणजे विषयाला विषय जोडणं. कुणाला भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) आवडली म्हटल्यावर वसतिगृहावरची दुसरी कादंबरी शोधायची, हा तो प्रकार. ‘कोसला’ आवडायची कारणं निदान तीन असू शकतात: निवेदक पांडुरंग सांगवीकरचा बोलका, स्वतःचंच म्हणणं खोडत जाणारा सूर, शिकायला शहरात गेलेल्या मुलाची गाव आणि शहर यांतली ओढाताण, किंवा त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा तो भाग, जिथे सगळा थट्टेखोरपणा गळून पडतो. या तीन वाचकांना तीन वेगळी पुस्तकं लागतात. सुरावर भाळलेल्याला भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५) देता येईल, कारण तिथेही निवेदकाची बोलीच सगळा डोलारा सांभाळते. गाव-शहराची ओढाताण शोधणाऱ्याला तीच कादंबरी दिली तर ती त्याच्या काहीच कामाची नाही. म्हणून ‘त्यातलं नेमकं काय आवडलं?’ एवढं विचारून घ्यायचा कंटाळा करू नका. पात्राचं नाव किंवा एखादा प्रसंग उत्तरात आला तर पुढची निवड सोपी होते.

एका वेळी दोनच पुस्तकं सुचवा. एक त्याच्या आवडीला लागून असलेलं आणि एक तिथून एक पाऊल पुढे जाणारं, आणि त्यातलं कोणतं कुठलं हे सांगून टाका. दहा नावांची यादी दिली की निवडीचं काम परत विचारणाऱ्याकडेच जातं; त्याला तर त्याच कामासाठी मदत हवी होती.

नुसतं लेखकाचं नाव घेणं ही शिफारस नव्हे. ‘जी. ए. वाच’, म्हणजे कथाकार जी. ए. कुलकर्णी वाच, म्हटलं तर नक्की काय वाचायचं? ‘निळा सावळा’ (१९५९) मधली ओळखीच्या घरांतली माणसं आणि ‘रमलखुणा’ (१९७५) मधल्या दोनच दीर्घकथा, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’, यांत खूप मोठं अंतर आहे. रूपककथेची सवय नसलेल्या वाचकाच्या हाती आधी ‘रमलखुणा’ पडलं, तर ‘जी. ए. आपल्याला झेपत नाहीत’ असं त्याच्या मनात बसतं आणि मग ‘निळा सावळा’पर्यंत तो पोचतच नाही. लेखक, पुस्तक आणि कथासंग्रह असेल तर कथा, या तिन्ही गोष्टी सांगितल्या म्हणजे शिफारस पुरी झाली.

शिफारशीत काय लिहावं

पाच-सहा वाक्यं पुरेत. पहिल्या वाक्यात हे पुस्तक तुलाच का, हे यावं. मग गोष्ट कोण सांगतंय आणि पुस्तकाचा घाट कसा आहे. मग लांबी, पानांत नव्हे तर बैठकांत. मग वाचक कुठे अडखळू शकतो. मनाला लागेल असं काही असेल तर ते. शेवटी भाषांतर असल्यास अनुवादकाचं नाव आणि कोणती आवृत्ती.

समजा वाचक असा आहे: अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक म्हणजे तीन पिढ्यांची जाडजूड कादंबरी, कारण नावं लक्षात राहिनात, पूर्ण वाचलेलं म्हणजे साध्या भाषेतलं प्रवासवर्णन, वाचायला रात्री अर्धा तास. त्याला ‘बनगरवाडी’ सुचवायची आहे. नेहमीची शिफारस साधारण अशी होते: ‘व्यंकटेश माडगूळकरांची अजरामर कलाकृती. ग्रामीण जीवनाचं अप्रतिम चित्रण. प्रत्येकाने वाचायलाच हवी.’ यातला एकही शब्द खोटा नाही, पण या वाचकाला त्यातून काहीच कळत नाही. याऐवजी असं लिहिता येईल:

‘तुला प्रवासवर्णनातली मोजकी, बघून लिहिलेली वाक्यं आवडली म्हणालास, म्हणून ही. धनगरांच्या एका छोट्या वाडीवर नव्याने आलेला तरुण मास्तर स्वतः सांगतो. सलग कथानक कमी, माणसं एकेक करून भेटत जातात, त्यामुळे नावांचा गोंधळ होत नाही. रात्रीच्या अर्ध्या तासात आठवडाभराच्या आत संपेल. संवाद माणदेशी बोलीत आहेत, पहिली दहा पानं जरा सावकाश वाच, मग कान बसतो. पुढे दुष्काळ येतो आणि शेवट उदास आहे, हे ठाऊक असू दे.’

दुष्काळ येतो हे सांगितल्याने या कादंबरीचं काही बिघडत नाही, कारण तिचं बळ काय होतं यापेक्षा ते कसं दिसतं यात आहे. सर्वसाधारणपणे मात्र सुरुवातीची परिस्थिती सांगावी आणि पहिल्या मोठ्या वळणाआधी थांबावं. ‘शेवट धक्कादायक आहे’ एवढंसुद्धा सांगू नये. मग वाचक सगळं पुस्तक त्या धक्क्याची वाट बघत वाचतो.

विशेषणांची काळजी घ्या. ‘अप्रतिम’, ‘सुन्न करणारं’, ‘खिळवून ठेवणारं’ हे शब्द तुम्हाला काय वाटलं ते सांगतात, पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत. लिहून झाल्यावर ते खोडून बघा. खोडल्यावर काहीच उरलं नाही, तर शिफारस पुन्हा लिहायला हवी.

कथासंग्रह सुचवताना

इथे जास्त कौशल्य लागतं, आणि चुकाही इथेच जास्त होतात. कादंबरी कुठून वाचायची हा प्रश्नच नसतो. कथासंग्रह बरेच जण पहिल्या पानापासून कादंबरीसारखा वाचत सुटतात, तिसऱ्या-चौथ्या कथेपाशी थकतात आणि ‘सगळ्या कथा सारख्याच वाटतात’ म्हणून थांबतात. दोष संग्रहाचा नसतो. प्रत्येक कथेत नवी माणसं, नवा सूर पुन्हा उभा करायला वाचकाला श्रम पडतात आणि मध्ये उसंत मिळालेली नसते. म्हणून शिफारशीतच सांगा: एका बैठकीत एक कथा, फार तर दोन.

दुसरं, संग्रहात कोणत्या कथेतून शिरायचं तेही सांगा. ती पहिली कथा असेलच असं नाही आणि शीर्षककथाही असेलच असं नाही. निवडताना एवढं बघा: एका बैठकीत संपणारी असावी, लेखकाचा नेहमीचा सूर तिच्यात स्पष्ट ऐकू यावा, आणि पुढच्या कथांची तिने फसवी ओळख करून देऊ नये. संग्रहातली एकच विनोदी कथा आधी वाचायला दिली, तर उरलेल्या गंभीर कथांवर वाचक नाराज होतो. काही संग्रहांत शीर्षककथाच योग्य ठरते. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मध्ये रेल्वेत नोकरीला लागलेला निवेदक आपली जात लपवतो, ती कथा वाचकाला थेट संग्रहाच्या गाभ्यात नेते. मात्र त्यातल्या हिंसेची कल्पना आधी द्यावी.

झुम्पा लाहिरी यांच्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ (१९९९) या नऊ कथांच्या संग्रहाचं उदाहरण बारकाईने बघण्यासारखं आहे. पहिलीच कथा ‘अ टेम्पररी मॅटर’ आत शिरायला उत्तम: पाच संध्याकाळी तासभर वीज जाणार असते आणि एक जोडपं अंधारात एकमेकांशी बोलायला लागतं. पण त्या जोडप्याचं बाळ मृत जन्मलेलं आहे. ज्या घरात असं दुःख नुकतं होऊन गेलं असेल, तिथे हा संग्रह ‘फार सुंदर आहे’ एवढंच म्हणून दिला, तर वाचकाला पहिल्याच कथेत जखम होते. त्याला शेवटची कथा, ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट’, आधी वाचायला सांगा, आणि पहिलीत काय आहे ते सरळ शब्दांत सांगून ठेवा. वाचायची की नाही हे त्याचं तो ठरवेल.

संग्रह कसा जुळून आला आहे हेही बघावं लागतं. काही संग्रहांत क्रम हा रचनेचाच भाग असतो. जेम्स जॉइस यांच्या ‘डब्लिनर्स’ (१९१४) मधल्या पंधरा कथा बालपणाकडून तारुण्य, प्रौढपण आणि मग सार्वजनिक जीवन अशा जातात. पहिल्या तीन कथा मुलाच्या तोंडून येतात आणि सर्वांत लांब ‘द डेड’ शेवटी येते. इथे वाचकाला क्रम मोडू नकोस असं सांगावं. फार तर तिसरी कथा, ‘अ‍ॅरबी’, चव घेण्यापुरती आधी वाचायला द्यावी. याउलट बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’मधल्या बारा कथा तीस वर्षांहून अधिक काळातल्या कन्नड लेखनातून निवडलेल्या आहेत. दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादाला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. अशा निवडक संग्रहात क्रमाला तेवढं बंधन नाही, मात्र मुळात दूर दूर लिहिलेल्या कथा एका पाठोपाठ वाचल्या की विषय पुन्हा पुन्हा येतो असं वाटतं. तिथे रोज एकच कथा हा सल्ला अधिक महत्त्वाचा.

लांबीबद्दल स्पष्ट बोला, कारण ‘कथा’ म्हणजे दहा पानं असं वाचक गृहीत धरतो. अ‍ॅलिस मन्रो यांच्या कथा तीस-चाळीस पानांपर्यंत जातात आणि मध्येच वीस-तीस वर्षं मागेपुढे उडी घेतात. लिडिया डेव्हिस यांच्या काही कथा एका-दोन वाक्यांत संपतात. रोज पंधरा मिनिटं मिळणाऱ्याला मन्रो दिली तर प्रत्येक कथा तीन तुकड्यांत वाचली जाईल आणि काळाचे धागे हातातून निसटतील. तिच्यासाठी सुट्टीची दुपार हवी.

आवृत्ती सांगणं ही हौस नाही, गरज आहे. रेमंड कार्व्हर यांच्या १९८१ च्या संग्रहातल्या कथा संपादक गॉर्डन लिश यांनी खूप कापल्या होत्या. त्यांची मूळ रूपं ‘बिगिनर्स’ या नावाने २००९ मध्ये आली. वाढदिवसाच्या केकची तीच गोष्ट १९८१ मध्ये ‘द बाथ’ म्हणून त्रोटक आणि कोरडी आहे, आणि १९८३ च्या ‘कॅथीड्रल’मध्ये ‘अ स्मॉल, गुड थिंग’ म्हणून लांब आणि मायेची. कोणती म्हणताय हे सांगितलं नाही, तर दोघं वेगवेगळ्या कथांवर वाद घालत बसतात. भाषांतराचंही तेच. एस. एल. भैरप्पांची ‘पर्व’ ही कन्नड कादंबरी मराठीत सुचवताना उमा कुलकर्णींचं नाव सोबत द्या, आणि मराठी न येणाऱ्या मित्राला ‘कोसला’ सांगायची असेल तर सुधाकर मराठे यांचं ‘ककून’.

पुरस्काराचा उल्लेख हरकत नाही, पण एका अर्ध्या वाक्यात. जयंत पवार यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ही माहिती झाली. गिरणगाव विस्कटतानाची माणसं त्यात आहेत आणि कथा दीर्घ, ऐसपैस आहेत, ही शिफारस झाली. शिफारस करण्याआधी पुस्तक सध्या मिळतं का तेही तपासा, छापील, ग्रंथालयात किंवा ई-बुक. न मिळणाऱ्या पुस्तकाची तारीफ ऐकून माणूस हिरमुसतो आणि पुढच्या वेळी विचारत नाही.

गटाला सुचवायचं असेल तर कादंबरीऐवजी एकच कथा निवडा, वीस पानांच्या आतली, आणि ती सगळ्यांना किमान आठवडाभर आधी पोचवा. कादंबरी निवडली की काही जणांची अर्धीच झालेली असते, त्यांच्यासाठी बाकीचे शेवटाबद्दल बोलायचं टाळतात, आणि चर्चा पहिल्या शंभर पानांतच फिरत राहते.

नंतर

शिफारस करतानाच थांबायची मुभा देऊन टाका: कादंबरी असेल तर पन्नास पानं, संग्रह असेल तर दोन कथा. तेवढ्यात जमलं नाही तर खुशाल ठेवून द्यायचं. ही मुभा नसेल तर न आवडलेलं पुस्तक उशाशी पडून राहतं आणि माणूस तुम्हाला टाळायला लागतो.

तीन-चार आठवड्यांनी विचारपूस करा, पण ‘आवडलं का?’ असं नको. त्यावर भिडेखातर ‘हो’च येतं. ‘कुठपर्यंत आलास?’ किंवा ‘कोणती कथा लक्षात राहिली?’ असं विचारा. जमलं नसेल तर बचाव करू नका, पुस्तकाचा तर मुळीच नाही. कितव्या पानावर, कोणत्या कथेत थांबला एवढं विचारा आणि एका वहीत चार रकाने करून टिपून ठेवा: कुणाला, काय, कुठे थांबला, त्याने दिलेलं कारण. पुढच्या वेळी तोच माणूस पुस्तक मागेल तेव्हा ‘अर्ध्यावर कोणतं सोडलं?’ हा प्रश्न विचारायची गरज उरणार नाही.