जुनी सेडान घेताय? आधी सीटबेल्ट ओढा
जुनी सिटी, सियाझ किंवा वेर्ना बघायला गेलात तर चकाकीवर भुलू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, नांदेडला पुरानं झोडपलं. पाण्यात राहिलेली गाडी धुऊन-पुसून विकायला येऊ शकते. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. टोकाला गाळाचे डाग दिसले तर व्यवहार तिथंच थांबवा, किंमत कितीही कमी असो. स्टेपनीखालचा पत्रा आणि सीटचे रूळ गंजलेत का तेही बघा.

चक्कर भर दुपारीच मारा, एसी लावून. पाच माणसं बसवून गावाकडचा एखादा गतिरोधक ओलांडाच, कारण भरलेली सेडान बरीच खाली बसते.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.