घर्षण आणि दोरीचा ताण: संतुलनाची गणिते सोडवताना या चुका टाळा

घर्षणाचा उल्लेख दिसताच ‘घर्षणांक गुणिले अभिलंब बल’ (अभिलंब बल म्हणजे पृष्ठभाग वस्तूवर लंब दिशेने लावतो ते बल) लिहून मोकळे होणे, ही विद्यार्थ्यांची सर्वांत हट्टी चूक आहे. हा गुणाकार स्थितिक घर्षणाची, म्हणजे वस्तू स्थिर असतानाच्या घर्षणाची, कमाल मर्यादा सांगतो. प्रत्यक्ष घर्षण शून्यापासून त्या मर्यादेपर्यंत कितीही असू शकते.

एकदा मी वर्गात हे गणित दिले होते: ३० अंशांच्या उतरणीवर १० किलोग्रॅमचा ठोकळा स्थिर आहे, त्याची दोरी उतरणीला समांतर वर जाऊन घर्षणरहित कप्पीवरून खाली येते आणि तिच्या टोकाला ५ किलोग्रॅमचे वस्तुमान लोंबते. स्थितिक घर्षणांक ०.३, गुरुत्वत्वरण १०. एका हुशार विद्यार्थ्याने अभिलंब बल ८६.६ न्यूटन, म्हणून घर्षण २६ न्यूटन असे झटपट मांडले, ते उताराच्या दिशेने दाखवले, ठोकळ्याच्या वजनाच्या त्याच दिशेतील ५० न्यूटन घटकात मिळवले आणि ताण ७६ न्यूटन असल्याचे जाहीर केले. लोंबत्या वस्तुमानाचे वजन ५० न्यूटन असताना दोरी त्याला ७६ न्यूटनने वर ओढत असेल, तर ते स्थिर कसे राहील, हे त्याने तपासलेच नव्हते. खरे उत्तर असे, की ताण ५० न्यूटन आहे आणि घर्षण शून्य. टोकाचे वस्तुमान साधारण २.४ ते ७.६ किलोग्रॅम यांच्या दरम्यान कितीही ठेवले तरी ठोकळा हलत नाही आणि प्रत्येक वेळी घर्षण वेगळे असते.

म्हणून मी घर्षण नेहमी अज्ञात राशी म्हणून मांडतो, संतुलनाच्या समीकरणांतून ते काढतो आणि मगच कमाल मर्यादेशी ताडून पाहतो. वस्तू ‘घसरण्याच्या बेतात’ आहे असे गणितात सांगितले असेल, तरच सुरुवातीपासून मर्यादा वापरावी. घर्षणाची दिशा आधी कळली नाही तरी अडत नाही. उत्तर ऋण आले तर दिशा उलट आहे, इतकेच.

दुसरी चूक म्हणजे अभिलंब बल वजनाइतकेच धरणे. आडव्या जमिनीवरील १० किलोग्रॅमचा ठोकळा ३० अंश वर झुकलेल्या दोरीने ओढला, तर दोरी त्याचा काही भार उचलून धरते. घर्षणांक ०.५ असल्यास ठोकळा घसरण्याच्या बेतात येण्यासाठी सुमारे ४४.८ न्यूटन ताण पुरतो. अभिलंब बल १०० धरणाऱ्याला तो ५७.७ मिळतो. बलाकृती, म्हणजे वस्तूवरील सर्व बले दाखवणारी आकृती, काढण्याचा कंटाळा करणारेच येथे फसतात, आणि पाठ केलेली कोणतीही युक्ती त्यांना वाचवू शकत नाही.

ताण ऋण आला, तर दोरी सैल पडली आहे असे समजून गणित पुन्हा मांडावे, कारण दोरी ढकलू शकत नाही. खडबडीत, न फिरणाऱ्या दांड्यावरून गेलेल्या दोरीच्या दोन्ही बाजूंचा ताण समान धरू नये, घर्षणांक ०.३ असताना एका पूर्ण वेढ्यात दोन ताणांचे गुणोत्तर ६.६ पर्यंत जाऊ शकते, आणि हे गुणोत्तर काढण्याच्या सूत्रात दोरीच्या वेढ्याचा कोन रेडियनमध्येच घालावा लागतो. ठोकळा उंच असेल आणि दोरी वरच्या बाजूला बांधलेली असेल, तर तो घसरण्याआधी कलंडेल का, हे आघूर्ण (बलाचा वस्तू फिरवण्याचा परिणाम) घेऊन पाहावे.