कला महाविद्यालयात शिकवताना: वर्षाचं काम कसं बसवावं

चित्रकला शिकवणाऱ्याचं सगळं वर्ष एका गोष्टीवर उभं असतं: विद्यार्थ्याशी वेळेत बोलणं. चित्र वाळून, सही होऊन भिंतीवर लागल्यावर दाखवलेली चूक त्या चित्राच्या काहीच कामाची नसते. विषय निवडून फी भरून झाल्यावर दिलेल्या सल्ल्याचंही तेच. म्हणून वेळापत्रक आखताना अभ्यासक्रमातले घटक नंतर लिहा. आधी चर्चेचे आणि भेटींचे दिवस राखून ठेवा आणि उरलेल्या जागेत घटक बसवा.

उरलेली जागा किती ते कागदावर मांडा. सत्र १५ आठवड्यांचं, आठवड्याला ३ तासांचे दोन वर्ग, म्हणजे ९० तास. यातून ओळखीचा पहिला वर्ग ३ तास, सगळ्या वर्गाने मिळून चित्रांवर बोलण्याच्या मोठ्या चर्चांना १२, सत्राच्या मध्यावर एकेकट्याशी भेटायला ३, शेवटची साफसफाई ३ आणि सुट्ट्यांत जाणारे साधारण ६ तास वजा करा. उरले ६३, म्हणजे २१ वर्ग. प्रत्येक वर्गात सामान मांडण्या-आवरण्यात २५ मिनिटं जातात. प्रत्यक्ष हाताने काम करायला ५४ तासच मिळतात. एका नीट प्रकल्पाला १२ ते १५ तास लागतात, म्हणून सत्रात चार प्रकल्प पुष्कळ झाले. नवे शिक्षक हमखास सहा-सात लिहितात. मग शेवटचे दोन घरी करायला सांगावे लागतात आणि नेमकं तिथेच मार्गदर्शन तुटतं.

तैलरंग असतील तर वाळण्याचा वेळ वेगळा धरावा. शेवटचं तैलचित्र ११व्या आठवड्याच्या पुढे सुरू करू देऊ नका. घाईत विद्यार्थी तेलकट थरावर पातळ, म्हणजे कमी तेलाचा, थर चढवतात. वरचा थर आधी वाळतो, खालचा अजून हलत असतो आणि काही महिन्यांत तडे जातात. खाली पातळ, वर तेलकट हा क्रम पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवावा.

वर्गाची मांडणी

वस्तुचित्राची मांडणी हे अर्धं शिकवणं आहे. प्रकाश एकाच बाजूने, साधारण ४५ अंशांतून, वरून खाली यावा. बाकीच्या खिडक्या झाका, नाहीतर प्रत्येक वस्तूला दोन-तीन सावल्या पडतात आणि नवख्याला त्यातली कुठली खरी धरावी ते कळत नाही. वस्तूंच्या बुडाभोवती खडूने रेघ मारा. ईझलच्या (चित्राचा बोर्ड ठेवायच्या घोडीच्या) पायांशी जमिनीवर मास्किंग टेप लावून त्यावर प्रत्येकाची आद्याक्षरं लिहा. मांडणीचा फोटो काढून ठेवा. मधल्या दिवसात कुणीतरी झाडू मारताना टेबल सरकवतंच, आणि मग वीस जणांची मापं एकदम चुकतात.

मापाच्या चुका बहुधा डोळ्यांपेक्षा शरीराच्या असतात. पेन्सिल धरून माप घेताना कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते आणि आधीचं माप खोटं ठरतं. कोपर ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल डोळ्याच्या रेषेला काटकोनात: एवढं तीन-चार वर्ग सतत तपासा. बोर्ड मांडीवर आडवा ठेवून काढलेल्या आकृत्या उभ्यात लांबलेल्या दिसतात, कारण कागदाची वरची बाजू डोळ्यापासून लांब असल्याने आखूड भासते आणि हात ती भरून काढतो. बोर्ड उभा केला की निम्मी तक्रार मिटते.

छायाप्रकाशात सगळ्यात जास्त दिसणारी अडचण म्हणजे सगळं चित्र मधल्या करड्यात अडकणं. विद्यार्थी एकेका वस्तूकडे वेगवेगळं बघतो. गडद कोपऱ्यात टक लावली की डोळा सरावतो आणि त्याला तिथेही उजेड दिसू लागतो. उपाय असा: डोळे बारीक करून आधी सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ जागा शोधायची, दोन्ही कागदावर टाकायच्या, बाकी टोन, म्हणजे उजळ-गडदाच्या पायऱ्या, या दोघांच्या मध्ये बसवायचे. साध्या काड्यांच्या चारकोलने पूर्ण काळा येत नाही, पण तो सहज पुसता येतो. दाबलेला चारकोल खोल काळा देतो, पण एकदा बसला की पुरता निघत नाही. म्हणून आधी काडी, शेवटच्या तासात दाबलेला.

प्रात्यक्षिक २० मिनिटांच्या वर नेऊ नका. विद्यार्थ्याच्या चित्रावर हात फिरवू नका. दाखवायचंच असेल तर समासात छोटं रेखाटन करा किंवा त्याच्या कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर काढा. तुमची एक सफाईदार रेघ त्या चित्रात पडली की उरलेलं चित्र त्याला परकं वाटायला लागतं, आणि पुढच्या वेळी तो तुमची वाट बघत बसतो.

मानवाकृतीच्या वर्गात २० मिनिटं पोझ, ५ मिनिटं विश्रांती. पाय, हात आणि बैठक जिथे टेकते तिथे टेप लावा, म्हणजे मॉडेलला नेमकं परत बसता येतं. सुरुवातीची १५ मिनिटं ३० सेकंदांपासून २ मिनिटांपर्यंतच्या झटपट पोझ. खोली मॉडेलला उबदार वाटली पाहिजे. कपडे घातलेल्यांच्या अंदाजावर जाऊ नका. सूचना फक्त शिक्षकाने द्यायच्या, तोंडी द्यायच्या, आणि फोन पिशवीत.

सुरक्षिततेत एक गोष्ट कधीही टाळू नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेटू शकतात. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यातून उष्णता निघते, आणि बोळ्यात ती कोंडली जाते. झाकणाचा धातूचा डबा ठेवा आणि तो रोज रिकामा करा. टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतायचं नाही, पेस्टलची पूड फुंकायची नाही, फिक्सेटिव्ह (चारकोल-पेस्टल कागदावर पक्कं करणारा फवारा) उघड्यावरच मारायचं.

चर्चेचा दिवस

प्रकल्पाची मोठी चर्चा काम संपल्यावर ठेवण्याची प्रथा आहे. ती बदलावी. काम साठेक टक्के झालं असताना एक पूर्ण चर्चा घ्या, संपल्यावर अर्ध्या वेळाची पुरे. पहिल्या चर्चेनंतर किमान दोन वर्ग हातात हवेत, तरच बोललेलं चित्रात उतरतं.

१८ विद्यार्थी, प्रत्येकी ८ मिनिटं, म्हणजे १४४ मिनिटं. त्यात लावायला १५ आणि मधली सुट्टी १० मिनिटं धरली की तीन तास जेमतेम पुरतात. ८ मिनिटांची वेळ घड्याळ लावून पाळा. पाळली नाही तर शेवटच्या पाच जणांना दोन-दोन वाक्यं मिळतात, आणि बहुतेक वेळा ही तीच मुलं असतात जी मागे बसतात आणि स्वतःहून बोलत नाहीत. मागच्या वेळी जे शेवटी होते त्यांच्यापासून पुढची चर्चा सुरू करा.

सगळी चित्रं एकाच उंचीवर, एकाच उजेडात लावा. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने दोन चित्रांबद्दल दोन-दोन ओळी लिहायच्या. मग अमेरिकन कलाशिक्षणतज्ज्ञ एडमंड फेल्डमन यांनी मांडलेला चार टप्प्यांचा क्रम उपयोगी पडतो: आधी काय दिसतं त्याचं वर्णन, मग ते कसं बांधलंय, मग अर्थ काय लागतो, आणि मत सगळ्यात शेवटी. ज्याचं चित्र त्याने पहिले दोन टप्पे गप्प राहायचं. त्याने आधीच हेतू सांगितला तर सगळे हेतूवर बोलतात, चित्राकडे बघत नाहीत. शिक्षकानेही पहिला शब्द आपला ठेवू नये. त्यानंतर वर्ग फक्त माना डोलावतो.

प्रत्येक चित्रासाठी एका वर्गमित्राला टिपणं घ्यायला लावा. आपल्या चित्रावर बोललं जात असताना माणसाच्या डोक्यात फारसं काही शिरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याला फक्त बोचलेलं एक वाक्य आठवतं.

शेरा नेमका असावा. ‘रंग जरा मरगळलेत’ याने काही हाती लागत नाही. त्याऐवजी असं सांगा: ‘डावीकडच्या कापडातला निळा आणि मागच्या भिंतीतला करडा एकाच टोनचे आहेत, म्हणून खांद्याची कडा हरवते. भिंत एक पायरी उजळ करून बघ, नाहीतर कडा हरवू दे पण मग दुसऱ्या बाजूची ठळक कर.’ यात जागा आहे, कारण आहे, दोन वाटा आहेत, आणि निवड विद्यार्थ्याकडेच राहते.

गुण

निकष प्रकल्प देतानाच छापून द्या. ४० गुण रेखांकन आणि रचनेला, ३० प्रक्रियेला, २० कल्पनेला, १० चर्चेतल्या सहभागाला अशी विभागणी चालते. प्रक्रियेचे ३० कमी करू नका. कच्च्या रेखाटनांना गुण नसतील तर ती रात्रीत मागाहून तयार केली जातात. गुण देताना सगळी चित्रं जमिनीवर पसरून आधी तीन गटांत लावा, मग प्रत्येक गटात आकडे ठरवा. सुरुवातीला तपासलेली तीन चित्रं शेवटी पुन्हा बघा, कारण पहिल्या चित्रांना हात हमखास आखडता किंवा सैल असतो. परत देण्याआधी प्रत्येक कामाचा फोटो काढा. तक्रार आली तर तो लागतो, आणि पुढे शिफारसपत्र लिहायलाही.

सल्ल्याच्या भेटी

तुमच्याकडे सल्ल्यासाठी २० विद्यार्थी नेमलेले असतील तर प्रत्येकाची वर्षातून दोनदा, २५ मिनिटांची भेट ठेवा, आणि तीही विषयनोंदणी सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी. नोंदणीच्या आठवड्यात रांग लागते आणि सल्ल्याचं रूपांतर सह्या करण्यात होतं.

भेटीआधी त्याची फाइल उघडून तीन गोष्टी बघा: पूर्ण झालेले श्रेयांक, कुठला विषय कशाच्या आधी अनिवार्य आहे, आणि वर्षातून एकदाच चालणारे विषय कोणते. या तिसऱ्या गोष्टीनेच मुलांचं वर्ष वाया जातं. मुद्राचित्रणाचा (ठशांवरून चित्रं छापण्याचा) पहिला भाग फक्त पहिल्या सत्रात असेल आणि तो चुकला, तर दुसरा भाग आपसूक वर्षभर पुढे जातो.

मग भार मोजा. स्टुडिओच्या एका विषयाला आठवड्याला ६ तास वर्गात आणि जवळपास तितकेच बाहेर. असे तीन विषय म्हणजे ३६ तास. चौथा घेतला की ४८, आणि त्यात लेखी विषय अजून धरलेच नाहीत. जो विद्यार्थी शिकता शिकता नोकरी करतो त्याच्यासमोर हे आकडे त्याच्याच हाताने लिहू द्या. ‘जमेल’ हा शब्द त्यानंतर बराच जपून येतो.

कुठल्या शाखेकडे जावं हा प्रश्न येतोच. थेट उत्तर देऊ नका. गेल्या महिन्यात कुणी सांगितलं नसताना काय केलंस, असं विचारा. वहीची पानं भरली, मातीत हात घातला, की रात्रभर ॲनिमेशन करत बसलास? याचं उत्तर गुणपत्रिकेपेक्षा खरं असतं. भेट संपल्यावर तारीख टाकून चार ओळी लिहून ठेवा. पुढच्या भेटीत तिथूनच सुरुवात करता येते.

कधी समोरचा विद्यार्थी विषयांबद्दल बोलता बोलता कोलमडतो. अशा वेळी शांतपणे ऐकून घ्या, पण समुपदेशकाचं काम स्वतःकडे घेऊ नका. ‘हे कुणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. जिवाचा धोका वाटला तर ते मोडावं लागेल. समुपदेशकाचा पत्ता देऊन न थांबता विद्यार्थ्याबरोबर तिथपर्यंत चालत जा.

शिफारसपत्रासाठी चार आठवड्यांची मुदत मागा. मनापासून चांगलं लिहिता येणार नसेल तर तेव्हाच नाही म्हणा, म्हणजे त्याला दुसऱ्याकडे जाता येईल.

पोर्टफोलिओ आणि प्रदर्शन

वर्षाअखेर चांगली कामं वाईट फोटोंमुळे मागे पडतात. खोलीतले दिवे बंद करा. चित्राच्या दोन्ही बाजूंना, ४५ अंशांवर, एकाच प्रकारचे दोन दिवे. चित्राच्या मधोमध पेन्सिल काटकोनात धरून बघा: दोन सावल्या सारख्याच लांब आणि सारख्याच गडद पडल्या तर प्रकाश समान आहे. तैलरंग चकाकत असेल तर दिवे अजून बाजूला न्या. कॅमेरा तिपाईवर, भिंग चित्राच्या मध्याच्या उंचीवर. फोन असेल तर मागे सरकून झूम करा. जवळून काढलं की कडा फुगतात. १५ चांगली कामं २५ बऱ्यावाईटांपेक्षा नेहमी वरचढ, कारण बघणारा सगळ्यात दुबळं चित्र लक्षात ठेवतो.

प्रदर्शनात सगळ्या चित्रांचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर धरा. खिळ्याची उंची काढायला १५० मध्ये चित्राची निम्मी उंची मिळवा आणि तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकं वजा करा. चित्र ८० सेंटिमीटर उंच आणि तार १० खाली असेल तर १५० + ४० − १० = १८०. तार हाताने ताणूनच मोजा. सैल तारेवर मोजलं की चित्र दोन-तीन सेंटिमीटर खाली बसतं आणि सगळी ओळ वाकडी दिसते.

चित्रं उतरवताना प्रत्येकाच्या मागे नाव, वर्ग आणि न्यायची शेवटची तारीख लिहिलेली पट्टी लावा. त्याच संध्याकाळी प्रत्येक विषयाचं एक पान लिहा: कुठल्या प्रकल्पाला दिवस कमी पडले, कुठली चर्चा उशिरा झाली, कुणाला दुसरी भेट मिळालीच नाही. पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकात पहिल्यांदा भरायच्या तारखा याच पानावरून घ्यायच्या आहेत.