सग्वारोची फुलं बघायची तर सकाळीच निघा

वसंतात अ‍ॅरिझोनातल्या सोनोरन वाळवंटात जाणार असाल, तर ऊन चढायच्या आत तिथं पोहोचा. सग्वारो निवडुंगाचं पांढरं, मेणचट फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतं, ते कायमचंच. रात्री मकरंदासाठी वटवाघळं येतात, सकाळी मधमाश्या आणि पांढऱ्या पंखांचे पारवे. फुलं खोडाच्या नि फांद्यांच्या शेंड्याला असतात, त्यामुळे दुर्बीण हवीच. बहर साधारण एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात. त्याआधी गेलात तर बुटक्या हेजहॉग निवडुंगाची गडद गुलाबी फुलं भेटतील.

फड्या निवडुंगाचं पिवळं फूल दिसलं की मात्र थांबाच. मधमाशी आत शिरून धडपडू लागली की पुंकेसर हळूहळू तिच्याकडे वळतात आणि ती परागांनी माखून बाहेर पडते. मला तर अख्ख्या वाळवंटात याहून सुंदर काही वाटत नाही.

सग्वारोच्या खोडातली भोकं सुतारपक्ष्यांनी कोरलेली असतात. त्यांनी सोडलेल्या ढोलीत चिमुकलं एल्फ घुबड राहतं, तेव्हा संध्याकाळी तिकडे लक्ष ठेवा. विणीचे दिवस असतात, म्हणून लांबूनच.

या दिवसांत रॅटलस्नेकही बाहेर पडलेले असतात. दगडांच्या फटीत हात घालू नका, पाऊल बघून टाका. खिशात कंगवा ठेवा: चोया निवडुंगाचा काटेरी तुकडा अंगाला चिकटला तर हातानं न ओढता कंगव्यानं उडवायचा.