पिकअप मागून वाजते तेव्हा

जुनी पिकअप घेऊन आलेला माणूस गॅरेजच्या दारात बहुतेक एकच वाक्य बोलतो: "मागून आवाज येतोय, डिफरन्शियल गेलं वाटतं." (डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी.) आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा कोर्स करून नुकत्याच आलेल्या मुलाचा हात ते वाक्य ऐकताच पान्याकडे जातो. माझं सांगणं असं की पाना उचलण्याआधी तो आवाज नेमका केव्हा येतो, हे पक्कं करा. आवाज कसा आहे हे प्रत्येक जण आपापल्या कानाने सांगतो. एकाला घर्र ऐकू येतं, तिथेच दुसऱ्याला घुंई. केव्हा येतो, हे मात्र गाडी चालवून तपासता येतं. डिफरन्शियलमधल्या क्राउन आणि पिनियन या जोडीच्या गिअरचा सेट बदलणं म्हणजे गाडीमालकाच्या एका हंगामाच्या कमाईला हात घालणं आहे, आणि डिफरन्शियलच्या नावाने आलेल्या पुष्कळ गाड्यांचा दोष दुसरीकडेच सापडतो.

मी काम करतो तो भाग पिंपळगाव-लासलगावचा. कांदा, टोमॅटो, द्राक्षं. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त या गाड्या मागच्या बाजूने एकाच पद्धतीच्या आहेत: गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्ट (ताकद नेणारा लांब दांडा) मागे येतो, त्याला यूजे क्रॉस (कोनात वळणारा जोड), त्यानंतर टेल पिनियन (शाफ्टने फिरणारा छोटा गिअर), क्राउन (पिनियनने फिरणारा मोठा गिअर), दोन्ही बाजूंना चाकांपर्यंत ॲक्सल, आणि हे सगळं ज्यात बसतं ते घर, म्हणजे हाउसिंग, पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) यू-बोल्टने बांधलेलं. वर माल भरायचा हौदा. यातला कुठलाही भाग वाजला तरी ड्रायव्हरला तो "मागून"च ऐकू येतो. रिकामा हौदा आवाज वाढवतो आणि चेसी तो लांबवर नेते. डावीकडून आल्यासारखा वाटणारा आवाज उजव्या चाकाचा निघाल्याचं मी पाहिलं आहे. म्हणून दिशेवर पहिल्या फेरीत विश्वास ठेवू नका.

आधी मालकाला विचारायचं. भरलेली असताना येतो की रिकामी असताना? थंड गाडीत की तासाभराने? ठरावीक वेगालाच येतो का? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: हल्ली गाडीला काय काय केलं? जास्तीचा पाटा चढवला, टायर बदलले, पिनियनचं ऑइल सील बदललं, यापैकी एका उत्तरावर निम्मं काम उरकतं.

मग गाडीत बसायचं. त्याआधी पाच मिनिटं हौद्यापाशी द्या. फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूच्या) कड्या, स्टेपनीची साखळी, सायलेन्सरचे रबर, हौद्याचे बोल्ट हाताने हलवून पाहा. फाळक्याच्या खडखडाटासाठी शॉकॲब्सॉर्बर बदललेले लोक आहेत.

रस्त्यावर पहिली परीक्षा रेसची. सरळ, मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या आसपास वेग धरा. रेस दिली की घुंई येते आणि पाय काढला की थांबते, तर क्राउन-पिनियनचे दात पुढे ओढणाऱ्या बाजूने नीट बसत नाहीत. उलट असेल, म्हणजे पाय काढल्यावरच घुंई येत असेल, तर दातांची दुसरी बाजू बघायची. आमच्याकडे हा दुसरा प्रकार कसारा घाटात उघडा पडतो. माल भरून वाशीला निघालेली गाडी घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये असते, चाकं इंजिनाला ढकलत असतात, आणि सपाट रस्त्यावर गप्प असणारं पिनियन तिथे गाऊ लागतं. "फक्त घाट उतरताना" असं कोणी म्हणालं की मी ते पुन्हा विचारून पक्कं करतो, कारण त्या तीन शब्दांत फार मोठी माहिती असते.

रेस दिली काय आणि सोडली काय, आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर दातांचा विचार बाजूला ठेवा. मग व्हील बेअरिंग किंवा टायर. बेअरिंगची गुरगुर लांबट वळणावर बदलते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, त्यामुळे तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजवं बेअरिंग खराब असतं. टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. काँक्रीट संपून डांबर लागतं अशी जागा प्रत्येक तालुक्यात आता आहे; तिथून जाऊन बघा. पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला तर टायर, नाही बदलला तर बेअरिंग. तरीही शंका राहिली तर पुढचे-मागचे टायर आपसांत बदला. आवाज टायरबरोबर पुढे गेला तर विषय संपला.

गिअरबॉक्सला वगळायचं असेल तर एकाच वेगाला चौथा आणि पाचवा गिअर टाकून बघा. मागच्या घरातला आवाज चाकाच्या वेगाशी बांधलेला असतो, गिअर बदलल्याने त्याची पट्टी बदलत नाही. न्यूट्रलमध्ये सोडून ऐकण्याची चाचणीही आहे, पण ती सपाट, रिकाम्या रस्त्यावरच करा. उतारावर कधीही नाही.

आता हिशेबाची एक गोष्ट, जी मला फार उपयोगी पडली. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर भरतो. ताशी १० किलोमीटरला ते चाक सेकंदाला सव्वा फेरा करतं. ॲक्सलचं गुणोत्तर चारच्या आसपास धरलं, तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला पाच फेरे करतो. म्हणजे रांगत्या गाडीत टक्... टक्... असा सावकाश ठोका येत असेल तर तो चाकाच्या फेऱ्याचा आहे: ड्रम, ब्रेकचा लायनर, बेअरिंग, टायरमध्ये रुतलेला खिळा, किंवा क्राउनचा एखादा उडालेला दात, कारण क्राउनही चाकाच्याच गतीने फिरतो. टकटकटक अशी घाई असेल तर शाफ्ट, यूजे किंवा पिनियन. ओसाड भिंतीला समांतर, काचा खाली करून गाडी चालवा. भिंत आवाज परत देते आणि ठोका मोजता येतो.

नवशिक्यांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती 'कट्ट' या एका आवाजात. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की कट्ट, रिव्हर्सला पुन्हा कट्ट. यात यूजे क्रॉस असू शकतो, शाफ्टचे घासलेले स्प्लाइन (जोडात एकमेकांत बसणाऱ्या लांब खाचा), ॲक्सलचे स्प्लाइन, ढिले यू-बोल्ट, पाट्याचे बुश (पिनभोवतीची नळी) किंवा डिफरन्शियलमधले छोटे स्पायडर गिअर (वळताना दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे). इथे गाडीखाली जाण्याला पर्याय नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, जॅक हाउसिंगखाली लावून गाडी उचला आणि मगच घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. चेसीखाली जॅक लावला तर ॲक्सल लोंबकळतो, यूजेचे कोन बदलतात, आणि नसलेला आवाज ऐकू येतो किंवा असलेला लपतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, मालक कितीही घाई करो.

शाफ्ट हाताने मागे-पुढे फिरवत प्रत्येक जोडाकडे क्रमाने बघा. यूजेच्या एका बाजूचा काटा हलतो आणि दुसरा मागून येतो, तर क्रॉस गेला. त्याच्या कपाशी तांबूस भुकटी दिसली तर ग्रीस केव्हाच संपलं आहे. हळू वेगात येणारी चिरचिरही तिथूनच. मग पिनियनचं फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) पकडा. गोल फिरवल्यावर थोडा प्ले (मोकळी हालचाल) असणारच, दातांमध्ये फट ठेवलेली असते. पण वर-खाली हललं तर पिनियनचं बेअरिंग संपलं, तिथे दुसरं मत नाही. कट्ट फक्त वळताना, हळू वेगात येत असेल तर स्पायडर गिअर आणि त्यांची पिन बघा, कारण सरळ रस्त्यावर ते एकमेकांवर जवळजवळ फिरतच नाहीत.

इथेच एक धोक्याची सूचना. एक चाक जमिनीवर आणि दुसरं उचलून गिअरमध्ये गाडी चालवली, तर उचललेलं चाक मीटरवरच्या आकड्याच्या दुप्पट वेगाने फिरतं. मीटर ४० दाखवत असेल तेव्हा चाकाचा वेग ८०चा असतो. आवाज ऐकायला जवळ जाणाऱ्याच्या हे लक्षात राहत नाही.

पाट्यांकडे आपल्या भागात खास लक्ष लागतं. जास्त माल बसावा म्हणून लोक पाटा चढवतात. त्याने रिकाम्या गाडीची मागची बाजू उचलली जाते, शाफ्टचा कोन बदलतो, आणि सगळे भाग धड असूनही गाडी थरथरते. अशा गाडीला यूजे बदलून काही होत नाही. सेंटर बोल्ट तुटला असेल तर ॲक्सल सरकतो. पाट्याच्या पुढच्या पिनपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा, फरक लगेच दिसतो. स्पीडब्रेकरवर कुरकुर येत असेल तर एकेका बुशवर पाणी मारून गाडी दाबून बघा. ज्या बुशवर पाणी पडताच आवाज बदलला, तोच.

ड्रम उघडताना आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

तेल शेवटी बघा, पण बघितल्याशिवाय निदान लिहू नका. आधी भरण्याचा बूच उघडायचा, मग खालचा. वरचा गंजून अडकला असेल आणि तुम्ही तेल आधीच काढलं असेल तर गाडी तिथेच बसते. बुचाच्या चुंबकाला राखाडी लगदा असतो, तो चालतो. चिमटीत धरता येतील असे तुकडे निघाले तर घर उघडावंच लागेल. विकायच्या गाडीत कधी मुद्दाम जाड तेल भरलेलं असतं; त्याने आवाज दबतो, दोष जात नाही. म्हणून विकत घ्यायची गाडी अर्धा-पाऊण तास चालवून, तेल तापल्यावर ऐका.

घर उघडलंच, तर दोन गोष्टी. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घासून तयार केलेले असतात, दोन्हींवर जुळणारा नंबर असतो. त्यातला एकच बदलू नका. आणि पिनियनचा नट अंदाजाने आवळू नका. त्याच्या ताणावर बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) ठरतो. सील बदलल्यानंतर आठवड्याने घुंई सुरू झालेली गाडी आली की माझं लक्ष आधी त्या नटाकडे जातं. शाफ्ट काढण्याआधी जोडांवर पंचने खुणा करा, नाहीतर काटे एका रेषेत बसत नाहीत आणि नवाच थरकाप पदरात पडतो.

कोणी जुनी पिकअप घेण्याआधी दाखवायला आणली तर मी दोष तीन गटांत सांगतो. यूजे, बुश, फाळका, टायर: किमतीत थोडं कमी करून घ्या आणि गाडी न्या. पिनियनच्या फ्लँजला वर-खाली प्ले किंवा तेलात तुकडे: आधी पूर्ण सेटचा भाव काढा, मग बोला. आणि तेल दुधाळ निघालं तर ब्रीदर (घरातली हवा बाहेर सोडणारं छिद्र) तुंबला होता किंवा गाडी पाण्यात उभी होती. २०१९ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ला चिपळूणला पूर आला, त्यात कितीतरी वाहनं बुडाली. पुरातली गाडी पुढे कुठल्या जिल्ह्यात विकायला येईल, हे सांगता येत नाही. अशा वेळी गिअरबॉक्सचं तेल आणि मागचे दोन्ही हबही उघडून बघू द्या म्हणा. विकणारा नको म्हणाला तर टोकन देऊ नका.