शिक्षेचा आदेश हातात पडल्यावर या चुका टाळा

महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजेच मॅटमध्ये, हरलेली कितीतरी प्रकरणं प्रत्यक्षात दीड-दोन वर्षं आधी, आवक-जावकच्या टेबलावरच हरलेली असतात. तिथे शासकीय कर्मचाऱ्यांची बाजू मांडताना, आणि मधली काही वर्षं विभागांना शिस्तभंगाच्या प्रकरणांत सल्ला देताना, मी त्याच त्या चुका दोन्ही बाजूंनी पाहिल्या. माणूस निर्दोष असतो, चौकशीत ढळढळीत दोष असतो, तरी हाती काही लागत नाही. कारण कागद चुकीच्या माणसाकडे गेलेला असतो, चुकीच्या नावाने गेलेला असतो किंवा उशिरा गेलेला असतो. हे पाहून मनाला लागतं, म्हणून लिहायला बसलो.

स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

एका कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिकाला विभागीय चौकशीनंतर खालच्या पदावर आणलं. आदेश मिळाला त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज केला. विषय लिहिला, ‘अन्याय दूर करण्याबाबत नम्र विनंती’, आणि तो अर्ज दिला शिक्षा करणाऱ्या साहेबांनाच. उत्तर आलं नाही. तीन महिन्यांनी स्मरणपत्र, मग दुसरं, मग मंत्रालयात, मग पालकमंत्र्यांच्या कार्यालयात. साडेतीन वर्षांत अकरा स्मरणपत्रं झाली. शेवटी कार्यालयाने दोन ओळींचं पत्र पाठवलं: आपली विनंती मान्य करता येत नाही. ते पत्र घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, निर्णय तर आत्ता आलाय. मुदत आत्ताच सुरू झाली ना?"

मुदत कधीच संपून गेली होती. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे अपील करायला आदेशाची प्रत हातात पडल्यापासून ४५ दिवस मिळतात. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण ‘मी विनंती अर्ज करत होतो’ हे कारण फार क्वचित चालतं. मॅटची वाट प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ मध्ये आहे. कलम २० म्हणतं, नियमांत दिलेले उपाय आधी वापरा. कलम २१ म्हणतं, अंतिम आदेशापासून एका वर्षात या. अपील केलं आणि सहा महिन्यांत निकाल आला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. ‘अपिलाचा निकाल लागेल तेव्हा बघू’ म्हणत बसणाऱ्यांची मुदत इथेच निघून जाते, म्हणून हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

नियमांत नसलेल्या अर्ज-विनंत्या पुन्हा पुन्हा केल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. एस. राठोड प्रकरणात १९८९ मध्येच सांगून ठेवलं. शिळ्या मागणीला विभागाने उत्तर दिलं म्हणून ती मागणी पुन्हा जिवंत होत नाही, हे सी. जेकब प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट झालं. त्यामुळे त्या दोन ओळींच्या पत्राला काही किंमत नव्हती.

आणि दुःख याचं की त्यांची बाजू भक्कम होती. शिक्षेआधी चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला द्यावी लागते, हे करुणाकर प्रकरणात घटनापीठाने १९९३ मध्ये ठरवलेलं आहे. यांना ती दिल्याचा एकही कागद फाइलमध्ये नव्हता. अहवालाबरोबर जोडलेल्या एका साक्षीदाराच्या जबाबावर तारीखच नव्हती. अहवाल वेळेत हातात पडला असता, तर ते त्या जबाबावर बोट ठेवू शकले असते. मी उशीर माफ करण्याचा अर्ज केला. दर महिन्याला पगार कमी मिळतो म्हणजे अन्याय रोज चालूच आहे, असंही मांडून पाहिलं. शिक्षेचा आदेश एकदाच झाला, त्याचे परिणाम पुढे चालू राहिले म्हणून मुदत पुढे सरकत नाही, असं उत्तर मिळालं. अर्ज फेटाळला गेला. तो जबाब कोणी उघडूनही पाहिला नाही. ते गृहस्थ त्याच खालच्या पदावरून निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनही त्याच पगारावर बसलं.

यावर माझी सवय सांगतो. कोणताही आदेश आला की पाकीट फेकायचं नाही. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून सही करायची आणि पाकीट आदेशालाच टाचून ठेवायचं. मग फाइलच्या वरच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने तारखा लिहायच्या: आदेश मिळाला तो दिवस, अपिलाचा शेवटचा दिवस, अपील दिल्यापासून सहा महिने कधी होतात, आणि त्यापुढचं एक वर्ष कधी संपतं. माझ्याकडे अपिलाच्या शेवटच्या दिवसाच्या जागी पंचेचाळिसावा दिवस नसून तिसावा लिहिलेला असतो. शेवटच्या आठवड्यात लिहिलेलं अपील मी आजवर चांगलं झालेलं पाहिलेलं नाही.

अर्जावर ‘अपील’ हा शब्द लिहा. नियमाचा उल्लेख करा. ते थेट अपीलीय प्राधिकाऱ्याला, म्हणजे अपील ऐकणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, द्या आणि प्रत आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याला द्या. फक्त ‘मार्फत’ लिहून आपल्याच कार्यालयात ठेवून आलात, तर ते कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहील हे तुमच्या हातात नाही. आवक शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. बाबू म्हणाला ‘शिक्का साहेबांकडे आहे, उद्या या’, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने एक प्रत रवाना करा.

‘दोन ओळींची माफी लिहून द्या, मिटवून टाकू’

हा सल्ला देणारा माणूस बहुतेकदा मनाने चांगलाच असतो. पण त्याची बदली होते आणि तुमचा कागद तिथेच राहतो.

एका भांडार लिपिकाच्या साठ्यात तूट निघाली. दोषारोपपत्र आलं. वरिष्ठ म्हणाले, "माफी लिहून दे, समज देऊन सोडू." त्याने बचावाच्या निवेदनात लिहिलं, ‘माझ्याकडून चूक झाली आहे, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ दोन महिन्यांत ते वरिष्ठ बदलून गेले. नव्या साहेबांसमोर होता तो फक्त कागद, आणि त्या कागदावर आरोप कबूल होता. सगळे दोषारोप कबूल केले की साक्षीपुराव्याची गरजच उरत नाही. प्राधिकारी त्या कबुलीवरच निष्कर्ष नोंदवू शकतात. तसंच झालं. वसुली लागली, शिक्षा लागली.

अपिलाच्या वेळी मी त्याला घरातली सगळी कागदपत्रं आणायला सांगितली. त्यात कार्यभार घेतानाची यादी निघाली. तिच्यावर त्याच्याच अक्षरात शेरा होता: ‘साठा प्रत्यक्ष मोजून दिलेला नाही.’ खाली कार्यभार देणाऱ्याची सही. म्हणजे तूट त्याच्या आधीची असण्याचा पुरावा सगळा वेळ त्याच्या ट्रंकेत पडून होता. अपिलात शिक्षा कमी झाली, पण माफीनामा आडवा आल्यामुळे पूर्ण सुटका मिळाली नाही.

दोषारोपपत्राची चारही जोडपत्रं समोर ठेवून उत्तर लिहा. पहिल्यात आरोप असतात, दुसऱ्यात त्यांचा तपशील, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी, चौथ्यात साक्षीदारांची. मी आधी तिसरं आणि चौथं वाचतो. आरोप कितीही मोठा असला, तरी त्याच्या पाठीशी कोणता कागद आणि कोणता माणूस उभा आहे ते तिथे कळतं. मग प्रत्येक बाबीला वेगळं उत्तर. ‘सर्व आरोप खोटे, निराधार व बिनबुडाचे आहेत’ हे एकच वाक्य लिहून मोकळं होणं ही माफीनाम्याचीच दुसरी बाजू. त्यातून प्राधिकाऱ्याला काहीच कळत नाही.

दुसऱ्याचं अपील उतरवून काढणं

तरुण वकिलांवर माझा राग इथे निघतो. मोबाइलवर कोणाचं तरी अपील येतं, नावं बदलली जातात आणि ते दाखल होतं. एका अपिलात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की चौकशी अहवालाची प्रत दिली नाही. विभागाने त्याच कर्मचाऱ्याची सही असलेली अहवालाची पोच पुढे ठेवली. त्या मुद्द्याखाली साक्षीदाराची उलटतपासणी नाकारल्याचा खरा, मजबूत मुद्दा होता. पण पहिलंच विधान खोटं निघाल्यावर पुढचं कोण विश्वासाने वाचणार? अहवाल खरोखर मिळाला नसला, तरी तेवढं सांगून भागत नाही. तो मिळाला असता तर तुम्ही काय दाखवून दिलं असतं, तुमचं नुकसान कसं झालं, हे करुणाकर निकालाप्रमाणे सांगावं लागतं. ते उतरवलेल्या मजकुरातून येत नाही.

अपीलीय प्राधिकाऱ्याला मुळात तीन गोष्टी तपासायच्या असतात. कार्यपद्धती पाळली गेली का, आणि पाळली नसेल तर त्याने न्याय बिघडला का? निष्कर्षांना पुराव्याचा आधार आहे का? शिक्षा योग्य आहे, जास्त आहे की कमी? मी कोऱ्या कागदाचे तीन रकाने करतो आणि फाइल वाचताना प्रत्येक मुद्दा त्यातल्या एका रकान्यात टाकतो. जो कुठेच बसत नाही तो अपिलात जात नाही. साहेबांचा स्वभाव, कार्यालयातलं राजकारण, वीस वर्षांच्या निष्कलंक सेवेवरची चार पानं, यातलं बरंच काही तिथेच गळतं. निष्कलंक सेवा तिसऱ्या रकान्यात जाते, चार ओळींत. अपमानास्पद भाषा नियमांनाच चालत नाही. मांडायचं ते सगळं या अपिलातच मांडायचं. ‘सविस्तर मुद्दे नंतर सादर करू’ म्हणून पुढे ढकलायचं नाही.

तिसऱ्या प्रश्नातला ‘कमी’ हा शब्द लक्षात ठेवा. अपिलात शिक्षा वाढूही शकते. शिक्षा सौम्य असेल आणि पुरावा तुमच्या विरुद्ध जड असेल, तर मी पक्षकाराला अपील न करण्याचा सल्ला दिलेला आहे. काहींना तो आवडला नाही.

कागदपत्रं मागायची चुकीची खिडकी

चौकशी चालू असताना लोक माहितीच्या अधिकाराखाली कागद मागतात आणि ३० दिवस वाट पाहतात. जरूर मागा, पण तेवढ्यावर थांबू नका. तोच कागद चौकशी अधिकाऱ्याकडे लेखी मागा आणि तो बचावासाठी का हवा ते एका ओळीत लिहा. चौकशी अधिकाऱ्याने नाकारलं तर तो नकार अपिलाचा मुद्दा होतो. जन माहिती अधिकाऱ्याने नाकारलं तर ते भांडण माहिती आयोगापर्यंत जातं आणि चौकशी इकडे पुढे सरकत राहते.

थोडक्यात, पण तितक्याच गंभीर

रोजनाम्यावर, म्हणजे चौकशीच्या त्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीवर, न वाचता सही करू नका. ‘उलटतपासणी घ्यायची नाही’ असं वाक्य त्यात लिहिलेलं मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे. चुकीचं असेल तर सही करतानाच तिथे हरकत नोंदवा.

चौकशीवर बहिष्कार टाकू नका. ती एकतर्फी होते, बस.

फौजदारी खटल्यातून सुटलात म्हणजे विभागीय चौकशी आपोआप संपत नाही. तिथला पुराव्याचा निकष वेगळा असतो.

निलंबन लांबत चाललं असेल, तर अजय कुमार चौधरी प्रकरणातला २०१५ चा निकाल वाचा. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

आमदारांचं शिफारसपत्र जोडू नका. सेवेच्या बाबतीत बाहेरचा दबाव आणणं वर्तणूक नियमांत बसत नाही. आधीच्या आरोपातून सुटायला गेलात आणि नवा आरोप हातात आला, असं व्हायला नको.

अधिकाऱ्यांनाही एक सांगणं आहे. शिक्षेच्या किंवा अपिलाच्या आदेशात कारणं लिहा. ‘अपील विचारात घेऊन फेटाळण्यात येत आहे’ ही ओळ टिकत नाही, आणि राहिलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रात घालता येत नाहीत. हे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७७ मध्येच सांगितलं आहे. चौकशी अधिकाऱ्याने निर्दोष ठरवलं आणि तुम्हाला ते पटत नसेल, तर असहमतीची तात्पुरती कारणं आधी कर्मचाऱ्याला कळवा, त्याचं म्हणणं ऐका, मग निर्णय घ्या. ही पायरी गाळल्यामुळे खऱ्या दोषी माणसांच्या शिक्षाही रद्द झालेल्या मी पाहिल्या आहेत.

‘साहेबांना तोंडी सांगितलं होतं’

भेटवस्तू, नातेवाइकांचा व्यवसाय, जमीन खरेदी या बाबतीत लोक सल्ला घ्यायला येतात ते गोष्ट घडून गेल्यावर. वर्तणूक नियम, १९७९ प्रमाणे स्थावर मालमत्ता घेण्याआधी ते विहित प्राधिकाऱ्याच्या कानावर घालावं लागतं, मग ती पत्नीच्या नावावर का असेना. विकणाऱ्याशी तुमचा कार्यालयीन संबंध येत असेल तर आधी मंजुरी लागते. एका अभियंत्याने पत्नीच्या नावे भूखंड घेतला. पैसे स्वच्छ होते, कर्जाचे कागद होते, लपवण्यासारखं काही नव्हतं. त्याने साहेबांना चहाच्या वेळी सांगितलं आणि साहेब "छान" म्हणाले. तीन वर्षांनी तक्रार झाली. साहेब निवृत्त झाले होते, त्यांना काही आठवत नव्हतं.

त्या दिवशी त्याने चार ओळींचं पत्र देऊन पोच घेतली असती, तर चौकशीच झाली नसती. ती दीड वर्ष चालली, आणि मधल्या काळात पदोन्नतीच्या यादीत त्याच्यापेक्षा कनिष्ठ असलेले दोघं त्याच्या पुढे गेले.