फेअरफील्ड हॉर्सशू एकट्याने: उन्हाच्या दिवसाची तयारी

हवामान खात्याने शनिवारी लख्ख ऊन सांगितलंय, सोबतीला कुणी मोकळं नाही आणि तरी जायचंच आहे, तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली फेअरफील्ड हॉर्सशूची फेरी त्यासाठी अगदी योग्य. अँबलसाइड गावातून निघायचं, दरीच्या एका अंगाच्या धारेने चढत जायचं, फेअरफील्डच्या माथ्यावर वळसा घ्यायचा आणि दुसऱ्या धारेने रायडलला उतरायचं. लो पाइक, हाय पाइक, डव्ह क्रॅग, हार्ट क्रॅग, फेअरफील्ड, ग्रेट रिग, हेरन पाइक, नॅब स्कार असे आठ माथे वाटेत लागतात. सगळ्यांत उंच फेअरफील्ड, 873 मीटर. सह्याद्रीत फिरलेला माणूस हा आकडा ऐकून हसतो, कारण आपला सिंहगडच 1300 मीटरच्या वर आहे. पण सिंहगडाचा पायथाही उंचावरच. अतकरवाडीतून प्रत्यक्ष चढ पडतो तो 600 मीटरच्या आसपास. अँबलसाइड मात्र जवळजवळ समुद्रसपाटीला. मधे उतरून पुन्हा चढणं हिशोबात धरलं तर दिवसभरात 1000 मीटरहून जास्त चढ आणि 16-17 किलोमीटर चाल होते. तेव्हा हसू आवरा आणि तयारीला लागा.

पहिली तयारी वेळेची, आणि ती घरी बसूनच करायची. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली घालून दिलेला ठोकताळा अजून चालतो: ताशी 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला वरचा एक तास. त्या हिशोबाने नुसती चाल पाच तासांची. खाणं, फोटो, उगाच बसून राहणं धरून सात तास मोजा. नऊला निघालात तर चारपर्यंत खाली. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत सहज उजेड असतो आणि खरी मेख तिथेच आहे. पावसाळी दिवशी डोंगर स्वतःच तुम्हाला परत पाठवतो. उन्हाच्या दिवशी थांबवणारं काहीच नसतं आणि शेजारून टोकणारंही कुणी नसतं. म्हणून परतीची वेळ कागदावर लिहून निघा. माझा नियम असा की दुपारी दोनपर्यंत फेअरफील्डच्या माथ्यावर पोचले नाही, तर जिथे असेन तिथून मागे फिरायचं.

फेरी कुठल्या बाजूने करायची यावर दोन पक्ष आहेत. एकट्याने जाताना मी लो पाइककडूनच चढते. नुक एंडच्या शेतावरून लो स्वीडन ब्रिज ओलांडला की वाट धारेला लागते. लो पाइकच्या आधी कातळाचा एक छोटा टप्पा आहे, तिथे हात टेकावे लागतात. नको असेल तर बाजूने वळसा मारता येतो. या बाजूला दगडावर दगड रचलेला गडगा आहे, अगदी कोकणातल्यासारखा. तो डव्ह क्रॅगच्या माथ्यापर्यंत सोबत करतो. ढग आला तर वाट दाखवतो, वारा सुटला तर आडोसा देतो. दुसरं कारण थकव्याचं. पाय बोलायला लागतात ते उत्तरार्धात, आणि या बाजूने गेलं की सुटकेची वाटही उत्तरार्धातच येते: ग्रेट रिगवरून स्टोन आर्थरमार्गे थेट ग्रासमिअरला उतरता येतं. शिवाय रायडलला मोठ्या रस्त्यावर 555 नंबरची बस मिळते, म्हणजे अँबलसाइडपर्यंतची शेवटची दोन-तीन किलोमीटर हवी तर वाचवता येतात. पूर्वार्धात काही बिनसलं तर आल्या वाटेने मागे.

गाडीने येणार असाल तर उन्हाळी शनिवार-रविवारी अँबलसाइडमधला रायडल रोडवरचा वाहनतळ सकाळीच भरतो, हे लक्षात ठेवा. रेल्वेने विंडरमिअर आणि तिथून बस हे मला जास्त सोयीचं वाटतं.

नकाशा कागदाचा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या 1:50,000 मालिकेतला 90 क्रमांकाचा नकाशा घेतला की सगळी फेरी एकाच कागदावर येते. 1:25,000 हवा असेल तर ओएल5 आणि ओएल7 असे दोन लागतात. फोनवर नकाशा उतरवून ठेवायचाच, पण त्याच्यावर विसंबायचं नाही. होकायंत्र आठवणीने बांधा, निदान फेअरफील्डच्या माथ्यासाठी तरी. तो माथा म्हणजे दगडगोट्यांचं सपाट पठार. जागोजागी दगडांचे ढीग आणि वाऱ्यापासून आडोशाच्या गोल भिंती, सगळ्या एकसारख्या. खाली ऊन असलं तरी माथ्यावर ढग बसू शकतो, आणि मग कुठला ढीग वाटेचा आणि कुठला कुणी हौसेने रचलेला, हे कळत नाही. उत्तरेकडे सरळसोट कडे आहेत. उतरायची वाट दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे झुकलेली. पायाखाली गवताळ, रुंद, सौम्य उतार आला तर बरोबर आहात. समोर अरुंद खडकाळ सोंड दिसली तर ती कोफा पाइकची, तिकडे आपलं काम नाही. गुमान मागे फिरा. ही दिशा घरीच नकाशावर मोजून समासात लिहून ठेवा.

आदल्या रात्री अंदाज बघायचा तो गावाचा नाही, डोंगराचा. मेट ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं हवामान खातं, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांसाठी वेगळा अंदाज देतं. त्यात ऊन-पाऊस नंतर; आधी माथ्यावरचा वारा आणि ढगाची उंची पाहा. गावात टीशर्टवर फिरत असाल तेव्हा माथ्यावरचा पारा पाच ते आठ अंशांनी खाली असतो, वाऱ्याची बोच वेगळी.

त्यामुळे कितीही ऊन असो, पाठपिशवीत पावसाळी जाकीट, एक गरम थर आणि पातळ हातमोजे राहू देत. एकट्या माणसाचा पाय मुरगळला तर मदत येईपर्यंत दोन-तीन तास हलता येत नाही, आणि तेवढ्या वेळात घामाने भिजलेला सुती शर्ट हाडं गोठवतो. सुती कपडे आणि जीन्स घरी. बूट वापरून रुळलेले हवेत. चार कोरड्या दिवसांनंतरही हाय पाइकच्या आसपास काळ्या पाणथळ मातीत घोटा रुततो. छोटी बॅटरी, शिट्टी, क्रेप बँडेज, फोडांच्या पट्ट्या, फोनसाठी पॉवर बँक. बाकी फापटपसारा नको.

पाणी अडीच लिटर. गडावर टाकं असणारच, ही आपली सवय इथे कामाची नाही. धारेवर पाण्याचा भरवसा नाही, आणि खालच्या ओढ्यांच्या वरच्या अंगाला मेंढी मरून पडलेली असू शकते. एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर घाला. खायला मी धपाटे नेते. सँडविच दुपारपर्यंत ओलं गिच्च होतं; धपाटा तेलाचा हात लावून, फॉइलमध्ये गुंडाळून नेला तर संध्याकाळीही मऊ राहतो आणि चालता चालता एका हाताने खाता येतो. सोबत दाण्याची चिक्की आणि मूठभर खारे काजू. माथ्यावर डबा उघडला की मेंढ्या येतात, आणि त्या लाजाळू नसतात. त्यांना काही देऊ नका.

“आपल्याला काय इंग्लंडचं ऊन लागतंय” असं म्हणणाऱ्यांची मान संध्याकाळी बघावी. सकाळी उत्तरेकडे चालताना ऊन पाठीवर असतं, म्हणून मान, कानांच्या पाळ्या आणि पोटऱ्या भाजतात. उतरताना तोंड दक्षिणेला, मग नाक आणि कपाळाची पाळी. वर वारा गार असल्यामुळे काही जाणवत नाही. सनस्क्रीन दोनदा लावा, आणि टोपीला हनुवटीखाली बंद असू द्या.

एकट्याने जाताना सगळ्यांत मोलाची वस्तू पिशवीत नसते. घरच्या कुणाला तरी किंवा एखाद्या मित्राला लिहून द्या: कुठून निघणार, कुठली वाट, किती वाजता खाली, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर फोन करायचा. “संध्याकाळपर्यंत येतो” याला अर्थ नाही. सहा म्हणजे सहा. फोन करायचा तो 999 या आणीबाणीच्या नंबरला. आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. वर अडकलात तर तुम्हालाही तेच करायचं आहे. नेटवर्क अर्धवट असेल तर 999 ला एसएमएस जातो, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते: ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून 999 वर पाठवायचा आणि येणाऱ्या उत्तराप्रमाणे पुढचं करायचं. दोन मिनिटांचं काम आहे, आज रात्रीच उरका. शिट्टीचा इशारा मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. येणारे लोक स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. म्हणून खरी गरज असेल तर संकोच नको, आणि नुसता कंटाळा आला म्हणून बोलावणंही नको.

रायडलला डांबरी रस्ता लागला की चहा शोधण्याआधी तो निरोप पाठवा. नॅब स्कारचा शेवटचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो, तेव्हा काठ्या असतील तर त्या इथेच कामाला येतात.

आणि घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी गुडघ्यांच्या मागे, कमरेभोवती, काखेत गोचीड बघा. खालच्या उतारांवरच्या नेच्यांतून त्या अंगाला लागतात. तिळाएवढ्या असतात, पटकन दिसत नाहीत. टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची, चिरडायची नाही. त्या जागी पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर लाइम रोगाची शंका सांगून लगेच डॉक्टरांकडे जा.